तेवीस नंबरची खोड

दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोघींचे नवरे एकाच ट्राम डेपोत ड्रायव्हर. थोरलीचा नवरा थोरले, धाकटीचा नवरा धाकटे. नातेवाइकांत आणि डेपोत त्यांना हीच नावं पडली होती, आणि आता दोघंही सत्तरीला टेकले तरी ती सुटली नव्हती. थोरल्यांना धाकट्यांचं काही म्हणता काही बघवत नसे. धाकट्यांनी नवी छत्री आणली तरी यांच्या पोटात दुखायचं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकट्यांनाही माहीत असणारच, पण ते गृहस्थ असे, की कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही. थोरल्यांना त्याचाही राग येई.

या सगळ्याच्या मुळाशी एक फोटो होता.

शहराच्या मध्यातून नदीकडे जाणारा जो मोठा रस्ता, त्याच्या मधोमध एके काळी ट्रामचे रूळ होते. रुळांच्या दोन्ही अंगांना झाडांच्या दोन-दोन रांगा, झाडांखाली बाकडी, बाकड्यांवर रिकामटेकडी माणसं. औषधाच्या दुकानापासून पुढे रस्ता उताराला लागे तो थेट नदीच्या चौकापर्यंत. चाळीस वर्षांपूर्वी शहराच्या कारभाऱ्यांच्या डोक्यात मोटारी शिरल्या. मग त्यांना झाडांची अडचण व्हायला लागली, ट्रामची व्हायला लागली, आणि पायी चालणाऱ्या माणसाची तर सगळ्यात जास्त. झाडं तुटली. ट्राम बंद करायची तारीख ठरली. शेवटची फेरी तेवीस नंबरच्या गाडीने करायची, आणि ज्येष्ठतेप्रमाणे ती पाळी थोरल्यांची होती.

थोरल्यांनी डेपोत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "जिच्या जिवावर अकरा वर्षं घर चालवलं, तिला मी माझ्या हाताने पुरायला नेणार नाही. कोणीच जाऊ नये. नुसतीच उभी राहू दे गाडी, बघू काय करतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. डेपोत मान डोलवायला पैसे पडत नाहीत. त्या दिवशी थोरले गळ्याला मफलर गुंडाळून, ताप आला म्हणून घरी बसले, आणि गाडी धाकट्यांनी नेली. हार घातलेली ट्राम, दाराशी हसतमुख धाकटे, मागे अर्धं शहर. फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला. धाकटीने तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. थोरले त्यांच्याकडे गेले, की वडीलधारे म्हणून त्यांना जी हातांची खुर्ची मिळे ती नेमकी त्या फोटोसमोर होती. चाळीस वर्षं थोरल्यांनी त्या घरचा चहा तो फोटो बघत प्यायला होता.

"माझी फेरी चोरली त्याने," ते बायकोला सांगत.

"तुम्ही ताप काढून बसला होतात," बायको म्हणे.

"ते वेगळं."

पुढे धाकट्यांनी बसचं स्टिअरिंग धरलं, नव्या ड्रायव्हरांना शिकवायला लागले, बढती घेतली. थोरल्यांनी बसला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली आणि डेपोच्या सामानखोलीत नटबोल्ट देत-घेत नोकरी संपवली. हट्टापायी आपण आपलंच नुकसान केलं हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कळून राग कमी होतो असंही नाही.

तर आता, चाळीस वर्षांनी, त्याच शहराला उपरती झाली. मोठ्या रस्त्यावर मोटारींना बंदी करायची, झाडं पुन्हा लावायची, ट्राम पुन्हा आणायची. कुठल्याशा गोदामात तेवीस नंबर सापडली, तिला घासूनपुसून, रंग देऊन उभी केली. थोरले रोज सकाळी नऊच्या ठोक्याला खोदकामावर हजर. डांबराचे थर उचकटून काढले तेव्हा एके ठिकाणी खाली जुना रूळ निघाला, तसाच, आपल्या जागी पडलेला. थोरल्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मजूर त्यांना साहेब म्हणायला लागले होते. कारण हा म्हातारा रोज काहीतरी चूक काढायचा, आणि चूक काढणारा म्हणजे साहेब, एवढा हिशेब कोणालाही कळतो.

मग जाहिरात आली. जुन्या ट्राम ड्रायव्हरांपैकी ज्यांचे डोळे आणि हातपाय धड आहेत त्यांनी अर्ज करावेत. एक जागा. उद्घाटनाची पहिली फेरी करायची आणि पुढे वर्षभर चार तरुणांना ट्राम शिकवायची. थोरल्यांनी अर्ज केला. धाकट्यांनीही केला.

मुलाखत घेणारी इंजिनीअर बाई त्यांच्या मुलीच्या वयाची होती. थोरल्यांना वाटलं, आपल्याला काय विचारणार, आपण बोलावं आणि तिने ऐकावं. भिंतीवर रस्त्याचा नकाशा होता. त्यांनी त्यात सात चुका दाखवल्या. खांबांची संख्या चुकली होती, वळणाचा बाक चुकला होता, आणि बाईंनी ज्याला 'नदी थांबा' म्हटलं होतं त्याला कधीच कोणी तसं म्हणत नव्हतं. बाईंनी सगळं लिहून घेतलं, आभार मानले. त्यांच्यानंतर धाकटे आत गेले आणि दाराबाहेर हसण्याचे आवाज यायला लागले. एक कुत्रं रोज सकाळी ट्रामने दोन थांबे जाई आणि संध्याकाळच्या ट्रामने परत येई, ती जुनी गोष्ट ते सांगत होते. ते कुत्रं थोरल्यांच्या गाडीने जाई. गोष्टसुद्धा यांचीच.

आठवड्याने धाकट्यांना नेमणुकीचं पत्र आलं. थोरल्यांना आलं ते असं: आपल्या मौलिक सूचनांबद्दल कार्यालय आभारी आहे.

थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. बायकोने छातीत जळजळतंय का विचारलं, औषध देऊ का म्हणून. "जळजळ नाही होत मला," ते म्हणाले.

"होतेय. पण त्यावर औषध निघालेलं नाही," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

तिसऱ्या दिवशी धाकटे घरी आले. हातात बिस्किटांचा डबा. थोरल्यांनी डब्याकडे असं पाहिलं, जणू त्यात विंचू आहे.

"दादा, अडलोय," धाकटे म्हणाले. "पुढची सगळी नोकरी बसवर गेली. पायाने ब्रेक मारायची सवय. ट्राममध्ये डाव्या हाताने करंट किती द्यायचा, वळणावर कधी बंद करायचा, सगळं विसरायला झालंय. उद्घाटनाला चौदा दिवस आहेत, त्याआधी चाचणी. तुम्ही शिकवा मला."

थोरल्यांना एका दमात दोन गोष्टी वाटल्या. याला दारातून घालवून द्यावं, आणि याला सगळं शिकवावं म्हणजे कळेल की खरा ड्रायव्हर कोण. दुसरी गोष्ट जिंकली. जळणाऱ्या माणसालाही आपलं ज्ञान मिरवायला आवडतंच.

मग बारा दिवस रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शाळा भरली. लाटणं म्हणजे करंटचं हँडल. पातेल्याचं मोठं झाकण म्हणजे ब्रेकचं चाक. थोरले खुर्चीवर उभे राहिल्यासारखे ताठ बसून हुकूम सोडत. "टपाल कचेरी. तिसऱ्या खुणेवर ठेव. वळण आलं, बंद कर. बंद कर म्हटलं ना. आता गाडी स्वतःच्या वजनाने जाईल, तू हात सोड. बसवाल्यांना हात सोडवत नाही हेच तुमचं दुखणं." धाकटे मुकाट्याने झाकण फिरवत. चुकलं, की स्वतःच हसत. थोरल्यांची बायको चहा ठेवताना म्हणे, "माझं झाकण वाकवू नका, पोचे आलेत त्याला." त्या दोघा म्हाताऱ्यांना टेबलाशी बसून तोंडाने घंटा वाजवताना पाहून एकदा ती ओट्याला टेकून हसत राहिली होती. खरं सांगायचं, तर त्या सकाळच्या शाळेत थोरल्यांनाही बरं वाटत असे. मग धाकटे निघून जात, आणि उद्घाटनाला दाराशी उभा कोण असणार हे आठवलं, की पुन्हा जळफळाट होई.

एक दिवस धाकट्यांनी त्यांना डेपोत नेलं. तेवीस नंबर नव्या रंगात चकाकत उभी होती. थोरले चढले, ड्रायव्हरच्या जागी उभे राहिले. धाकटे आणि इंजिनीअर बाई खाली काहीतरी बोलत होते. थोरल्यांनी ब्रेकचं पितळी चाक हातात घेतलं आणि सावकाश फिरवलं. एक फेरा. काही नाही. अर्धा फेरा आणखी, तरी काही नाही. आणि मग एकदम दात खाल्ल्यासारखा ब्रेक लागला.

खोड तशीच होती.

आता ही खोड काय, ते सांगायला हवं. त्या डेपोत प्रत्येक गाडीला काही ना काही खोड असे. एकीचं दार अडे, एकीची घंटा पावसात मुकी होई. पाळी बदलताना उतरणाऱ्या ड्रायव्हरने पितळी हँडल चढणाऱ्याच्या हातात द्यायचं, आणि देताना गाडीची खोड सांगायची, अशी रीत होती. दोघांत भांडण असो, बोलणं बंद असो, खोड सांगायची आणि मग खुशाल तोंड फिरवायचं. एकाने एकदा मुद्दाम सांगितली नव्हती. सबंध डेपोने त्याच्याबरोबर चहा प्यायचं सोडलं, आणि दोन महिन्यांत त्याने बदली मागून घेतली.

तेवीस नंबरची खोड अशी, की ब्रेकचे पहिले दीड फेरे फुकट जात. म्हणून उताराला लागण्याआधीच, औषधाच्या दुकानासमोर, दीड फेरा आवळून ठेवायचा. नाही आवळला, तर उतारावर माणूस चाक फिरवत राहतो, गाडी ऐकत नाही, आणि ऐकते तोवर चौक आलेला असतो. थोरल्यांनी सहा वर्षं ही गाडी चालवली होती. त्यांच्याइतकी ती कोणालाच माहीत नव्हती.

ते खाली उतरले. धाकट्यांनी विचारलं, "काय म्हणतेय म्हातारी? काही सांगतेय का?"

"रंग बरा लागलाय," थोरले म्हणाले.

घरी येताना त्यांनी स्वतःची समजूत घातली. खोड पाळी बदलताना सांगायची असते. इथे पाळी कुठे बदलते आहे? मला गाडी दिलीच नाही कोणी, मग मी कशाची खोड सांगू? आणि असं काय होणार आहे? चाचणीच्या दिवशी चौकात दोऱ्या बांधणार, रुळांच्या टोकाला वाळूची पोती रचली आहेत. गाडी थांब्यापुढे जाईल, पोत्यांना धडकेल, चारचौघांत फजिती होईल. बाई म्हणेल, यांना जमत नाही, ते दुसरे कोण होते, नकाशात चुका दाखवणारे? बस, एवढंच. रस्ताभर ते हे स्वतःला सांगत होते, आणि दर वेळी मनातल्या मनात ते शेवटचं वाक्य बाईंच्या तोंडून पुन्हा ऐकत होते.

त्यानंतरचे चार दिवस शाळा तशीच चालली. उतार आला, की थोरले झरझर पुढे जात. धाकटे विचारत, "इथे काही लक्षात ठेवायचं दादा? उतारावर?"

"रुळावर वाळू सोडायची. रूळ ओला असेल तर, चाकं घसरू नयेत म्हणून."

"आणखी?"

"आणखी काय? उतार म्हणजे उतार."

शेवटच्या दिवशी धाकटे जरा जास्त वेळ बसले. चहा संपला तरी उठले नाहीत. झाकण मांडीवर घेऊन म्हणाले, "काही राहिलंय का दादा? आठवून बघा."

"नाही," थोरले म्हणाले. त्यांनी झाकण घेतलं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं.

चाचणीच्या सकाळी बायको म्हणाली, मी बहिणीकडे जाऊन येते. थोरल्यांनी मान हलवली, त्यांचं लक्ष नव्हतं. नवा शर्ट घालून ते नदीच्या चौकात, थांब्यापाशी जाऊन उभे राहिले. तिथून सगळा उतार दिसे. आपल्याला छान दिसावं म्हणून त्यांनी जागा धरली होती, हे पुढे त्यांना फार वेळा आठवलं.

शहराला गाडीची खबर लागली होती. दहाच्या सुमारास माणसं जमायला लागली, साडेदहाला दोऱ्यांखालून आत शिरली. पहारेकरी दोघंच, ते ओरडत होते आणि लोक फोन वर धरून रुळावरच उभे राहत होते, गाडी समोरून यावी आणि फोटो सरळ यावा म्हणून. कडेवर मुलं घेतलेल्या बायका, काठी टेकलेले म्हातारे. वाळूच्या पोत्यांवर तर शाळेची पोरं चढून बसली होती. थोरल्यांना घाम फुटला. ते पहारेकऱ्याला म्हणाले, "यांना हटवा." तो म्हणाला, "आजोबा, तुम्हीच आधी मागे व्हा."

घंटा ऐकू आली. वर, कोवळ्या झाडांच्या दोन रांगांमधून तेवीस नंबर दिसायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरल्यांना ट्राम इतक्या वर्षांनी चालताना दिसली, पण त्यांनी ती पाहिली नाही. पुढच्या पहिल्या खिडकीत दोन बायका बसल्या होत्या. एक धाकटी. दुसरीने निळी साडी नेसली होती आणि मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरली होती, ती नेहमी धरायची तशी.

गाडी औषधाच्या दुकानापाशी आली.

थोरले दोरीखालून वाकून रुळावर आले आणि उताराच्या उलट्या अंगाने धावायला लागले. सत्तर वर्षांचा माणूस धावतो म्हणजे काय, पण ते धावले. दोन्ही हात समोर धरून चाक फिरवल्याच्या खुणा करत होते आणि ओरडत होते, "दीड फेरा. आधी दीड फेरा आवळ. आत्ता आवळ." एक चप्पल निघाली ती तशीच मागे राहिली. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला आनंदाने वेड लागलं, कोणीतरी त्यांचाही फोटो काढला.

गाडी उतारावरून सावकाश, अगदी बैलगाडीच्या चालीने येत होती. थोरल्यांपासून चार हातांवर ती हलकेच थांबली, कुठे हिसका नाही, आवाज नाही. ब्रेक केव्हाच आवळलेला होता.

धाकट्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

मागून बायकोचा आवाज आला, "अहो, काय झालं? कसला फेरा? चप्पल कुठेय?"

"काही नाही ताई," धाकटे आत वळून म्हणाले. "दादा मला आठवण करून देत होते. बसा तुम्ही." मग ते खाली उतरले. थोरल्यांचा श्वास लागला होता, ते गाडीच्या कठड्याला धरून उभे होते. धाकट्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल असं बोलले.

"मला ठाऊक होती खोड. शेवटच्या फेरीला तुम्ही आला नाहीत, मला सांगायला कोणी नव्हतं. या चौकात मी पाच हात पुढे गेलो होतो, हाराफुलांसकट. फोटोवाल्याला वाटलं, उजेड चांगला म्हणून मुद्दाम थांबवली." ते थोडे हसले, पण नेहमीसारखं नाही. "बारा दिवस वाट बघत होतो दादा. आज सांगाल, उद्या सांगाल."

पायाखालचा तो रूळ फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं थोरल्यांना वाटलं.

"सांगितलीत एकदाची," धाकटे म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून थोरल्यांना दिला. "घाम पुसा. आणि वर या. परतीचा चढ तुम्ही घ्या, मला चढाची भीती वाटते." चढाची भीती वाटते हे साफ खोटं होतं. चढावर कोणालाच भीती वाटत नाही.

पितळी हँडल त्यांनी थोरल्यांच्या हातात दिलं. थोरले एका चपलेने वर चढले. हँडल जागेवर बसलं. त्यांनी चढ घेतला, वळण घेतलं, टपाल कचेरीपाशी करंट बंद केला आणि गाडी स्वतःच्या वजनाने सरकत थांब्यावर अशी लागली की दार बरोबर पायरीसमोर आलं. इंजिनीअर बाई मागे उभी होती. तिने धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे म्हणाले, "मी पहिल्यापासून तुम्हाला हेच सांगतोय बाई. उद्घाटनाला हेच हवेत. मी कंडक्टर होईन, तिकिटं फाडीन, मला तेवढंच जमतं." बाई म्हणाल्या, नकाशातल्या सातही चुका खऱ्या निघाल्या होत्या, तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं. आणि हो म्हणाल्या.

मागच्या बाकावर धाकटी टाळ्या वाजवत होती. "भाऊजी, आता तुमचाही फोटो लावीन मी, त्याच्या शेजारी." थोरल्यांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती.

संध्याकाळी घरी तिने चहा केला, समोर ठेवला, आणि स्वतः खुर्ची ओढून बसली. कपाला हात न लावता तिने विचारलं, "तो दीड फेरा म्हणजे काय?"

थोरल्यांनी सांगितलं. डेपोची रीत सांगितली, गाडीची खोड सांगितली. सांगताना आवाज खाली खाली जात होता. चार दिवस आधीपासून आपल्याला माहीत होतं, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ती चाळीस वर्षांहून जास्त त्यांच्याबरोबर राहिली होती. टेबलाशी कोण काय शिकवत होतं आणि काय टाळत होतं, ते तिने चहा ठेवता ठेवता ऐकलेलं होतं, फक्त आता अर्थ लागला होता.

"मी गाडीत होते म्हणून धावलात," ती म्हणाली.

"माणसं होती खाली. पोरं होती."

"होती. आणि पोरं नसती तर? मीही नसते, धाकटीही नसती. गाडीत नुसता तो असता तर?"

थोरले कपातल्या सायीकडे बघत राहिले. खोटं बोलायची सवय त्यांना होती, पण ती स्वतःशी. तिच्याशी नव्हती.

"उभा राहिलो असतो," ते म्हणाले. "बघत."

तिने आपला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "उद्या जा आणि त्याला हे सांगून या."

"त्याला माहीत आहे."

"माहीत आहे?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "सगळं माहीत असून गाडी तुमच्या हातात दिली त्याने? कशाला?"

थोरल्यांनी विचार केला. दोन दिवसांनी ते दाराशी उभे राहणार होते, हार घातलेल्या गाडीत, अर्ध्या शहरासमोर. चाळीस वर्षं जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि ते त्याच माणसाने दिलं होतं, मागायची वेळही येऊ न देता. त्यांना त्या क्षणी तो फोटो नको होता, गाडी नको होती. धाकट्यांना जमलं ते आपल्याला एकदा जमायला हवं होतं, एवढंच वाटलं.

"त्याला देता येतं," ते म्हणाले. "मला नाही येत."

आणि हे म्हणतानासुद्धा त्यांना त्याचा हेवाच वाटला.